बारा वर्षांचं पोर ऐंशीचं कसं दिसतं?

‘पा’ हा सिनेमा 2009 साली आला. आर. बाल्की यांच्या या सिनेमात अमिताभ बच्चन बारा वर्षांचा ऑरो झाले: टक्कल पडलेलं मोठं डोकं, त्यावर उठून दिसणाऱ्या शिरा, काडीसारखे हातपाय आणि बोलणं मात्र शाळकरी पोराचं. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या माणसांचे प्रश्न मात्र आजही तेच आहेत. असा आजार खरंच असतो का? असला तर मूल खरोखर म्हातारं होतं का? कशामुळे होतं? आणि बेळगावजवळच्या उचगावसारख्या गावात एखाद्या घरी असं मूल जन्मलं, तर त्या घराने करायचं काय?

हे प्रकरण याच चार प्रश्नांच्या क्रमाने जाईल. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाही, मूल म्हातारं होत नाही. त्याच्या शरीराचे काही भाग लवकर झिजतात. बाकीचं मूल, विशेषतः त्याचं मन, त्याच्या वयाचंच राहतं.

1. आजार खरा आहे, पण किती दुर्मीळ?

आजाराचं नाव प्रोजेरिया. जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी 1886 साली अशा मुलाची पहिली नोंद केली. पुढे 1897 साली हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी अशाच रुग्णाचं वर्णन केलं. म्हणून त्याचं पूर्ण नाव ‘हचिन्सन-गिलफर्ड प्रोजेरिया सिंड्रोम’. सिंड्रोम म्हणजे नेहमी एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा संच.

साधारण 40 लाख जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. ही मुलं फार जगत नाहीत, त्यामुळे एखाद्या वेळी हयात असलेल्यांचा हिशेब धरला तर 2 कोटी माणसांमागे एक मूल, असं प्रमाण पडतं. आता आपल्याकडचं गणित करून पाहू. भारताची लोकसंख्या 140 कोटी धरली, तर 140 भागिले 2, म्हणजे देशभरात सुमारे 70 मुलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या घरात होती, म्हणजे तिथे पाच-सहा. त्याच जनगणनेत बेळगाव जिल्हा 48 लाखांच्या जवळ होता. 48 लाखांना 2 कोटींनी भागलं की पाव मूलही येत नाही. बेळगावएवढे चार जिल्हे एकत्र केले, तर त्यात एखादं मूल असेल.

या हिशेबाचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. उचगाव, हिंडलगा, सुळगा या भागात चाळीस वर्षं दवाखाना चालवलेल्या डॉक्टरांनीही असा रुग्ण कधी पाहिलेला नसेल. यात त्यांचं काही चुकलं असं नाही. आजारच इतका विरळ आहे. पण त्यामुळे निदान उशिरा होतं. कधी कधी होतच नाही.

अमेरिकेतली ‘प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था 1999 पासून जगभरातल्या अशा मुलांचा शोध घेते. भारतात तिने ‘उरलेली साठ मुलं शोधा’ अशी मोहीम चालवली. साठ हा आकडा आला कुठून? वर केलेल्याच भागाकारातून. तेव्हा देशाची लोकसंख्या सव्वाशे कोटींच्या आसपास होती. आपल्याकडे या मोहिमेचा चेहरा होता भिवंडीचा निहाल बिटला. आजार लपवून न ठेवता तो लोकांसमोर आला, स्वतःविषयी बोलला. आमिर खानला भेटायची त्याची इच्छा पुरी झाली, तेव्हा त्या बातमीमुळे कितीतरी लोकांनी प्रोजेरिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मे 2016 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी निहाल गेला.

2. सुरुवात कुठे दिसते? वजनाच्या नोंदीत

जन्माच्या वेळी या बाळांमध्ये सहसा काही वेगळं दिसत नाही. वजन ठीक, रडणं ठीक. पहिल्या वर्षाच्या आत गाडी अडते. बाळ खातं-पितं, पण बाळसं धरत नाही. आपल्या बायका म्हणतात तसं ‘खाल्लेलं अंगाला लागत नाही’.

हे डोळ्यांना जाणवायच्या आधी अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर उमटतं. समजण्यासाठी दोन मुलं घेऊ. आकडे गोळाबेरीज आहेत. दोघंही जन्मताना तीन किलोची. पहिलं निरोगी मूल वर्षाचं होताना साडेनऊ किलोच्या जवळ जातं. पुढे वर्षाला दोनेक किलो वाढत पाचव्या वाढदिवसाला अठराच्या आसपास पोचतं. दुसरं, प्रोजेरिया असलेलं मूल वर्षाचं होताना सात किलोवर असतं. मग त्याची वाढ वर्षाला जेमतेम अर्धा किलो. दोन वर्षांचं होताना साडेसात, तीनचं होताना आठ, पाचचं होताना नऊ. तक्त्यावर एक रेघ वर चढत जाते आणि दुसरी जवळजवळ आडवी होते.

वजनापाठोपाठ बाकीची लक्षणं येतात. दोन वर्षांच्या सुमारास डोक्यावरचे केस जातात, मग भुवया आणि पापण्याही. कातडीखालची चरबी कमी झाल्याने शिरा दिसू लागतात. पोटाची, मांड्यांची कातडी ताठर आणि चकचकीत होते. हनुवटी लहान राहते, त्यामुळे डोळे मोठे वाटतात. दात उशिरा येतात आणि एकमेकांवर चढतात. सांधे आखडतात, आवाज बारीक राहतो. वाढ पुरी झाली तरी उंची साडेतीन-पावणेचार फुटांच्या पुढे सहसा जात नाही.

इथे एक इशारा. वजन वाढत नाही म्हणजे प्रोजेरिया, असं मुळीच नाही. अपुरा आहार, थायरॉइडची कमतरता, क्षयरोग, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार, हृदयातलं छिद्र, मूत्रपिंडाचे विकार, वाढीच्या हार्मोनची कमतरता ही सगळी कारणं यापेक्षा हजारो पटींनी जास्त आढळतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर चांगला इलाज आहे. आडवी रेघ दिसली, की आधी ही कारणं तपासायची. ती नसतील आणि वर सांगितलेला केसांचा, कातडीचा, सांध्यांचा बदलही दिसत असेल, तरच प्रोजेरियाचा विचार करायचा.

3. काय झिजतं, काय झिजत नाही?

म्हातारपणाशी आपण जोडतो त्या गोष्टींची यादी करा: टक्कल, सुरकुतलेली कातडी, ठिसूळ हाडं, आखडलेले सांधे, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू, विसरभोळेपणा, कर्करोग. यातल्या पहिल्या सहांचं काहीतरी रूप प्रोजेरियात दिसतं. शेवटचे तीन दिसत नाहीत. या मुलांना म्हातारपणीचा मोतीबिंदू होत नाही, स्मृती जात नाही, कर्करोगाचं प्रमाणही वाढत नाही. ती वेळेवर चालतात, वेळेवर बोलतात, शाळेत इतरांसारखीच शिकतात. सॅमी बासो या इटालियन तरुणाने प्रोजेरिया असताना विद्यापीठात जीवशास्त्राचा अभ्यास केला आणि स्वतःच्याच आजाराच्या संशोधनात भाग घेतला. ऑक्टोबर 2024 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी त्याचं निधन झालं. या आजारात इतकं आयुष्य क्वचितच कुणाला मिळालं आहे.

औषधाविना या मुलांचं सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांचं. मृत्यूचं कारण बहुतेक वेळा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात. सत्तरीतल्या माणसाला होतं तेच, पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी.

‘लवकर येणारं म्हातारपण’ असं वर्णन होणारे आणखीही आजार आहेत आणि त्यांची गल्लत होते. कॉकेन सिंड्रोममध्ये मुलाला ऊन सोसत नाही, ऐकू कमी येतं, नजर मंदावते आणि बुद्धीची वाढही खुंटते. वर्नर सिंड्रोमची सुरुवात पौगंडावस्थेत होते. त्यात तिशीच्या आसपास मोतीबिंदू, मधुमेह होतो आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. दिसण्यात साम्य असलं, तरी तिन्ही आजारांमधले बिघाड वेगवेगळे आहेत. त्यामुळे उपचारही वेगळे आणि पुढच्या मुलाविषयी द्यायचा सल्लाही वेगळा.

4. एका अक्षराची चूक

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं आणि त्यात डीएनए. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांची लांबच लांब माळ. एका संचात सुमारे 300 कोटी अक्षरं. या माळेचा जो तुकडा एखादं प्रथिन बनवण्याची कृती सांगतो, त्याला जनुक म्हणतात. प्रथिन अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून बनतं आणि जनुकातली दर तीन अक्षरं एक अमिनो आम्ल सांगतात.

केंद्रकाला आतून प्रथिनांच्या जाळीचं अस्तर असतं. या जाळीमुळे केंद्रकाचा आकार टिकतो आणि आतला डीएनए जागच्या जागी राहतो. जाळीतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचं नाव लॅमिन-ए. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेत डॉ. वीणा पर्णाईक यांनी याच लॅमिन प्रथिनांवर दीर्घकाळ काम केलं. 1998 साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

लॅमिन-ए तयार कसं होतं, हे समजायला शिंप्याच्या दुकानात जाऊ. शिंपी कापडावर खडूने खुणा करतो आणि खुणेवर कातर चालवतो. कापलेले तुकडे जागेवर बसवण्यासाठी आधी कच्चा टाका घालतो. मग पक्की शिलाई मारतो आणि शेवटी कच्चा दोरा ओढून काढतो. पेशीतही असंच चालतं. जनुकाची नक्कल निघते. नकलेतल्या ठरावीक खुणांवर कापाकापी होऊन हवे ते तुकडे जोडले जातात आणि त्यावरून कच्चं लॅमिन-ए बनतं. त्याच्या टोकाला ‘फार्नेसिल’ नावाचा चरबीसारखा एक भाग चिकटवला जातो. हा झाला कच्चा टाका. त्याच्या आधाराने प्रथिन केंद्रकाच्या भिंतीपाशी जाऊन बसतं. तिथे एक एन्झाइम येतं आणि ते टोक कापून टाकतं. कच्चा दोरा निघाला आणि पक्कं लॅमिन-ए तयार झालं.

आता चूक कुठे होते ते पाहा. लॅमिन-ए च्या जनुकात 1824 व्या जागी ‘सी’ हवा, तिथे ‘टी’ येतो. मूळ तिकडी ‘जीजीसी’ होती, ती ‘जीजीटी’ झाली. गंमत म्हणजे दोन्ही तिकड्यांचा अर्थ एकच, ग्लायसिन हे अमिनो आम्ल. कागदावर पाहिलं तर काहीच बिघडलेलं नाही. पण या बदलामुळे त्या जागी कापण्याच्या खुणेसारखी एक खोटी खूण तयार झाली. शिंप्याची कातर तिथेच चालते आणि 150 अक्षरांचा तुकडा वाया जातो. तीन अक्षरांना एक या हिशेबाने 50 अमिनो आम्लं गळतात. आणि कच्चा दोरा जिथे कापून काढायचा, नेमकी ती जागा या पन्नासांतच होती.

दोरा निघत नाही. अर्धवट प्रथिन भिंतीला कायमचं चिकटून राहतं. त्याला ‘प्रोजेरिन’ म्हणतात. सदऱ्यात कच्चा दोरा राहिला की कापडाला चुण्या पडतात, तसंच या मुलांचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं: गोल, गुळगुळीत असायला हवं ते वेडंवाकडं, फुगवटे आलेलं. प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि या मुलांमधली दुसरी प्रत अगदी ठणठणीत असते. तिच्यापासून चांगलं लॅमिन बनत राहतं, पण साचत जाणारं प्रोजेरिन सगळी जाळी बिघडवायला पुरेसं ठरतं.

ही चूक 2003 साली सापडली. अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या प्रयोगशाळेत आणि फ्रान्समध्ये निकोला लेव्ही यांच्या गटात, दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी. अमेरिकेतल्या शोधामागे डॉ. लेस्ली गॉर्डन यांचा मोठा हात होता. त्यांच्या मुलाला, सॅम बर्न्सला हाच आजार होता आणि त्याच्यासाठीच त्यांनी नातेवाइकांच्या मदतीने प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन उभं केलं होतं.

5. मन शाबूत, मग रक्तवाहिन्याच का बिघडतात?

चूक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते. तरी मेंदू वाचतो, याचं कारण साधं आहे. मेंदूतल्या चेतापेशी लॅमिन-ए फारसं बनवतच नाहीत. तिथे डीएनएच्याच जातीचा एक छोटा आरएनए रेणू त्याचं उत्पादन दाबून ठेवतो आणि काम त्याच्या जोडीच्या लॅमिन-सी वर भागतं. लॅमिन-ए बनत नाही, म्हणून प्रोजेरिनही बनत नाही.

रक्तवाहिन्यांचं नेमकं उलट. त्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशी लॅमिन-ए भरपूर बनवतात. त्यात हृदय दिवसाला लाखभर वेळा धडकतं आणि दर ठोक्याला या पेशी ताणल्या जातात. धडधाकट जाळी असलेलं केंद्रक हा ताण सोसतं. चुण्या पडलेलं केंद्रक सोसू शकत नाही. पेशी मरतात, भिंत जाड आणि ताठर होते, आत चरबीचे थर साचतात. या मुलांचं कोलेस्टेरॉल बहुधा फार वाढलेलंही नसतं. बिघाड रक्तात नसून वाहिनीच्या भिंतीत असतो.

निरोगी माणसांच्या पेशींतही प्रोजेरिन अगदी अल्प प्रमाणात बनतं, हे 2006 साली दिसून आलं. म्हणजे ती खोटी खूण नसतानाही कातर कधीमधी चुकीच्या जागी पडते. आपलं म्हातारपण केवळ प्रोजेरिनमुळे येत नाही, त्याची कारणं अनेक आहेत. पण या मोजक्या मुलांवरचं संशोधन सगळ्यांच्या रक्तवाहिन्यांविषयी काही शिकवून जाईल, ही आशा त्यातून वाढली.

6. दोष कुणाचा?

आपल्या भागात असं मूल जन्मलं की घराघरात चौकशी सुरू होते. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही का? कुणाची नजर लागली? मळेकरणी देवीचा नवस राहिला का? मंगळवारी-शुक्रवारी देवीला जाणाऱ्यांनी जरूर जावं, मनाला आधार मिळतो. पण नवस चुकला म्हणून डीएनएमधलं अक्षर बदलत नाही. या चौकशीचं बोट शेवटी बहुतेक वेळा सुनेकडे वळतं, म्हणून इथे स्पष्ट लिहायला हवं.

नेहमीच्या प्रोजेरियात आई आणि बाप, दोघांच्याही रक्तात ही चूक नसते. बीजपेशी तयार होताना किंवा गर्भ रुजण्याच्या आसपास 300 कोटी अक्षरं उतरवली जातात, तेव्हा एक अक्षर चुकतं. ही चूक नव्याने होते. आईने काय खाल्लं, किती काम केलं, कोणत्या दिवशी बाहेर पडली, याचा तिच्याशी काही संबंध नाही. पुढच्या बाळालाही तोच आजार होण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांच्या घरात. काही थोड्या आईबापांच्या बीजपेशींपैकी काहींत ही चूक लपलेली असू शकते, म्हणून ही शक्यता अगदी शून्य धरत नाहीत.

मात्र प्रोजेरियासारखेच दिसणारे काही आजार आनुवंशिक असतात आणि तिथे नात्यातल्या लग्नाचा संबंध येतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. कर्नाटकात मामा-भाचीचंही लग्न होतं. समजा, एका आजोबांकडे एका जनुकाची एक बिघडलेली प्रत आहे. दुसरी चांगली असल्याने त्यांना त्रास नाही. तीच प्रत त्यांच्या मुलीतून नातवाकडे आली आणि मुलातून नातीकडे. या आते-मामेभावंडांचं लग्न झालं, तर दोघंही दिसायला निरोगी, पण दोघांकडेही तीच बिघडलेली प्रत. त्यांच्या प्रत्येक बाळाला आईकडून बिघडलेली प्रत येण्याची शक्यता निम्मी, बापाकडूनही निम्मी. दोन्ही एकदम येण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे चारात एक. कॉकेन सिंड्रोम असाच चालत येतो.

याचं ठळक उदाहरण भारतातलंच आहे. नात्यात लग्न झालेल्या एका कुटुंबातल्या अनेक मुलांमध्ये प्रोजेरियाची लक्षणं दिसत होती. कोलकात्यातल्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या अभ्यासात 2004 साली उलगडलं, की या मुलांकडे लॅमिनच्याच जनुकात वेगळी चूक आहे आणि ती दोन्ही प्रतींमध्ये आहे. म्हणून जनुकीय तपासणी केल्याशिवाय ‘पुढच्या बाळाला काही होणार नाही’ असं कुणी ठामपणे सांगू नये आणि ‘नात्यात लग्न केलं म्हणूनच झालं’ असंही म्हणू नये.

7. औषध आहे का?

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. वेग कमी करणारं आहे. त्याचं नाव लोनाफार्निब. ते मुळात कर्करोगासाठी तयार केलं होतं. त्याचं काम म्हणजे फार्नेसिल चिकटवणाऱ्या एन्झाइमला अडवणं. कच्चा दोरा काढता येत नसेल, तर तो घालूच द्यायचा नाही, असा हा विचार.

2007 साली बोस्टनच्या बालरुग्णालयात 16 देशांतल्या 28 मुलांवर चाचणी सुरू झाली. औषध लागू पडलं की नाही, हे ठरवायची मुख्य कसोटी कोणती होती? वजन वाढण्याचा वेग. अंगणवाडीताई दर महिन्याला तक्त्यावर जी रेघ काढतात, तीच. काही मुलांचं वजन वाढलं, बऱ्याच मुलांच्या रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला.

2018 साली आणखी एक तुलना प्रसिद्ध झाली. औषध घेणारी 27 मुलं आणि न घेणारी, वयाने तशीच 27 मुलं. साधारण दोन वर्षांच्या काळात औषध न घेणाऱ्यांपैकी नऊ मुलं गेली, घेणाऱ्यांपैकी एक. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोनाफार्निबला मान्यता दिली. प्रोजेरियासाठी मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. त्याने आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढतं. साडेचौदा वर्षांच्या आयुष्यात अडीच वर्षं म्हणजे सहावा हिस्सा. उलट्या, जुलाब, मळमळ हा त्रास होतो, विशेषतः सुरुवातीला.

पुढचा प्रयत्न चुकीचं अक्षरच दुरुस्त करण्याचा आहे. जानेवारी 2021 मध्ये डेव्हिड लिऊ, कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोजेरियाची चूक घातलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवड्यांच्या उंदराला एकच इंजेक्शन दिलं. त्याने डीएनए न तोडता चुकलेलं अक्षर पुन्हा मूळचं केलं. असे उंदीर एरवी सुमारे 215 दिवस जगत, ते 510 दिवस जगले. उंदराकडून मुलाकडे यायला बरंच अंतर आहे, पण रस्ता दिसला आहे.

8. उचगावातून कुठे जायचं, घरी काय करायचं?

पहिली पायरी गावातच आहे. आईला मिळणाऱ्या तायी कार्डावरच्या आणि अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी जपून ठेवा. डॉक्टरांना त्या कुठल्याही महागड्या तपासणीइतक्याच उपयोगी पडतात. 2013 साली महाराष्ट्रात पालघरला सुरू झालेला ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ देशभर चालतो. त्यात तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि वाढीची शंका पथकाला स्वतःहून सांगा.

दुसरी पायरी बेळगाव. सिव्हिलला, म्हणजे बिम्सला किंवा केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी नेहमीची कारणं तपासून होतील. प्रोजेरियाचा संशय उरला, तर लॅमिनच्या जनुकाची तपासणी लागते आणि त्यासाठी थोडंसं रक्त पुरतं. डॉक्टरांमार्फत संपर्क केला, तर प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन ही तपासणी कुटुंबाकडून पैसे न घेता करते आणि औषध मिळवण्यासाठीही मदत करते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांपैकी मुंबईचं केईएम आणि बंगळूरचं सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आपल्याला त्यातल्या त्यात जवळची.

तिसरी पायरी घर. पोट लहान असल्याने तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, पण तूप-शेंगदाण्यासारखं ताकदीचं खायला द्या. पाणी वेळच्या वेळी पाजा. अंगातलं पाणी कमी झालं की पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून उन्हाळ्यात, जुलाबात, लांबच्या प्रवासात जास्त जपायचं. तळपायाला चरबीची गादी नसते, त्यामुळे अनवाणी चालताना दुखतं. घरातही मऊ चप्पल हवी. सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्टने दाखवलेला व्यायाम रोज करा. खुबा निसटण्याची भीती असते, तेव्हा उंचावरून उड्या नकोत. कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

चौथी पायरी शाळा. दुसरीच्या वयाचं मूल दुसरीच्याच वर्गात बसवा. अंगाने लहान दिसतं म्हणून बालवाडीत नको आणि चेहरा थोराड दिसतो म्हणून त्याच्याशी थोरांसारखं बोलणंही नको. बाक ठेंगणा असावा, दप्तर हलकं. पहिल्याच दिवशी वर्गातल्या मुलांना दोन वाक्यांत सांगून टाका: याला एक आजार आहे, तो कुणाला लागत नाही. एकदा सांगितलं, की मुलं बहुधा दोन दिवसांत विसरून खेळायला लागतात.

आणि बाईंना, गुरुजींना एक गोष्ट माहीत हवीच. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, छातीत दुखायला लागलं, तर ‘एवढ्याशा पोराला कसला झटका’ असा विचार करत थांबायचं नाही. आधी 108 ला फोन लावायचा, मग घरी कळवायचं आणि रुग्णालयात पोचताच पहिल्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगायचं.